संमतीचा अर्धा करार

मेळघाटचे अरण्य हे वऱ्हाडचे भूषण आहे, याविषयी दुमत नाही. १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला तेव्हा देशातून निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाटचा समावेश होता. या डोंगरांतून उतरणाऱ्या शहानूर आणि चंद्रभागा पूर्णेला मिळतात. खारपाणपट्ट्यातील कित्येक गावांची तहान शहानूर धरणाच्या पाण्यावर भागते. अरण्य राखणे ही केवळ वाघाची नव्हे, आपलीही गरज आहे. प्रश्न एवढाच, की या राखणीची किंमत कोणी मोजावयाची?

आजवर ती मुख्यतः आदिवासींनी मोजली आहे. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे हलविण्यात आली. पुढे धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी अनेक गावे डोंगर सोडून अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर उतरली. सर्वांनाच बळाने हाकलले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. रस्ता, शाळा, दवाखाना यांची ओढ कोरकू आईबापांनाही असते. गावे उठलेल्या जागी कुरणे उभी राहिली आणि तेथे तृणभक्षी प्राणी चरू लागले, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु संमती हा दुतर्फी करार असतो. २००८ पासून प्रत्येक कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचे ठरले; २०२१ मध्ये ती रक्कम पंधरा लाखांवर गेली. पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहू शेती, मोह आणि तेंदूपान यांवर जगलेल्या माणसाच्या हाती एकरकमी पैसा ठेवला, म्हणजे त्याला उपजीविका दिली असे होत नाही. पैसा सरतो, जमीन उरते. जमीन व सोयींची आश्वासने पाळली गेली नाहीत, या तक्रारीने पुनर्वसित कुटुंबे आपल्या जुन्या गावठाणी परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांची व सरकारी पथकांची चकमक उडाली. दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. कायदा हाती घेण्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु माणसे सुखासुखी ओसाड गावठाणाकडे परतत नसतात, एवढे तरी शासनाने ओळखावयास हवे.

वस्तुतः कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ ची दुरुस्ती आणि त्याच वर्षीचा वनहक्क कायदा या दोहोंचा क्रम एकच आहे: प्रथम हक्कांची निश्चिती, मग सहजीवन अशक्य असल्याची खातरजमा, मग ग्रामसभेची जाणती संमती, आणि शेवटी स्थलांतर. ज्याच्या हाती हक्काचा कागद नाही, त्याच्या होकाराला संमती कसे म्हणावे? नाही म्हणण्याची सोय असेल, तरच होकाराला अर्थ असतो.

हक्क दिले की अरण्य संपते, ही भीती निराधार आहे. अमरावती जिल्ह्यातील पायविहीरच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवून उघडा पडलेला डोंगर पुन्हा हिरवा केला आणि सीताफळांतून उत्पन्न उभे केले. २०१४ मध्ये त्या गावाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

आता पर्यटन वाढते आहे. सेमाडोह, कोलकास आणि शहानूर येथे प्रवासी येतात; चिखलदऱ्यास काचेच्या पुलाची योजना झाली. पर्यटन नको, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या रानातून माणूस उठविला, त्याच रानाच्या प्रवेशद्वारातून पाहुण्यांची जीप आत जाताना त्याने काय समजावे? प्रवेशशुल्कातील ठराविक वाटा पुनर्वसित गावांच्या ग्रामसभांना हक्काने मिळावा, नोकऱ्यांत त्यांच्या मुलांना अग्रक्रम असावा, जमिनीची राहिलेली देणी मुदत ठरवून फेडावीत आणि तोवर नव्या गावाच्या स्थलांतराचा विषय काढू नये.

कोरकू वाघाला ‘कुला’ म्हणतो आणि त्याला पूजतो. वाघ राखण्याच्या कामी असा सोबती हाताशी असताना त्याला प्रतिवादी करणे, हे न्यायाचे तर नाहीच, शहाणपणाचेही नाही.