खडकावरून गळ टाकताना

हल्ली घरातली तरुण मुले मोबाइलवर एक नवी मासेमारी पाहतात. समुद्राकाठच्या उंच कातळावर माणूस उभा असतो, लांब काठीने चकाकणारा धातूचा तुकडा दूर फेकतो, काठीला झटके देत तो ओढून आणतो आणि काही वेळाने त्याच्या हाती मोठा मासा असतो. याला शोअर जिगिंग म्हणतात. जपानमध्ये हा प्रकार खूप वाढला आणि आता आपल्या कोकण किनाऱ्यावरही हौशी लोक तो करतात. यवतमाळहून समुद्र सहाशे किलोमीटरहून अधिक दूर. तरी उमरखेड, पुसद, दिग्रसकडची मुले असले सामान घरपोच मागवू लागली आहेत. म्हणून आम्ही या महिन्यात याच विषयावर लिहायचे ठरवले.

आधी खडकाविषयी. आपल्या पैनगंगेवर सहस्रकुंडाला जो काळा कातळ दिसतो, तोच दख्खनचा बेसाल्ट उत्तर कोकणात समुद्रात उतरतो. कातळ एकच, पण पाणी वेगळे आणि मासाही वेगळा. त्यामुळे कोकणासाठी घेतलेले सामान इथे जड पडते आणि इथले तिथे तुटते.

धातूच्या जिगमागे धावतो तो शिकारी मासा. रोहू, कटला, मृगल हे आपल्या धरणांतले नेहमीचे मासे शिकारी नाहीत. त्यांच्यासाठी कणकेचा गोळाच बरा, जिग दिवसभर फेकली तरी उपयोग नाही. आपल्याकडचे शिकारी म्हणजे मरळ आणि शिंगाडा. मरळ संथ पाण्यात, गवताच्या आणि वेलींच्या आडोशाला राहते. तिला रबरी बेडूक चांगला, कारण त्याचा गळ गवतात अडकत नाही. शिंगाडा खोल डोहात तळाशी असतो. खडकावरून जिग टाकायची ती त्याच्यासाठी.

नदीकाठच्या खडकासाठी 7 ते 8 फुटांची मध्यम ताकदीची काठी आणि 2500 ते 3000 नंबरचे रील पुरते. दोरा विणलेला, 12 ते 15 पौंडांचा. जिग 10 ते 20 ग्रॅमची. कोकणच्या कातळावर मात्र 9 ते 10 फुटांची काठी, 4000 ते 5000 नंबरचे रील, 25 ते 30 पौंडांचा दोरा आणि 30 ते 60 ग्रॅमची जिग लागते. तिथे लाटांच्या पलीकडे फेकायचे असते आणि गळाला तांबोशी, गोब्रा किंवा जिताडा लागला तर तो थेट कपारीत शिरतो. इथल्या डोहावर 60 ग्रॅमची जिग म्हणजे पाण्यात दगड टाकण्यासारखेच. मासा पळतो आणि जिग तळाच्या फटीत अडकून बसते.

विणलेला दोरा बारीक आणि मजबूत असतो, पण खडकाच्या धारेवर घासला की पटकन तुटतो. म्हणून त्याच्या टोकाला चार-पाच फूट जाड तंगूस जोडावी आणि जिग तिला बांधावी. प्रत्येक मोठ्या माशानंतर या तंगुशीवरून बोट फिरवून पाहावे. खरखरीत लागली तर तेवढा तुकडा कापून गाठ पुन्हा मारावी. गाठ ओढण्याआधी ओली करावी. कोरडी गाठ ओढताना तापते आणि तिथेच दोरा कमजोर होतो. रीलचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढाच आवळावा, म्हणजे मोठा मासा ओढू लागला तर दोरा तुटण्याऐवजी सुटत जाईल.

जिगला खाली तीन तोंडांचा गळ लावून मिळतो. खडकाळ जागी तो काढून टाकावा आणि वरच्या कडीला आखूड दोरीने एकच गळ लावावा. जिगचे खालचे टोक तळाला टेकते, गळ वर राहतो आणि अडकण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

आता हाताची रीत. जिग फेकल्यावर ती बुडताना मनात आकडे मोजावेत. दोरा सैल पडला की तळ आला. तळ पंधराव्या आकड्याला लागला, तर पुढच्या वेळी तेराला थांबून काठी हळूच वर उचलावी, रीलचे दोन वेढे घ्यावेत आणि जिग पुन्हा खाली पडू द्यावी. मासा बहुधा ती खाली पडतानाच तोंड घालतो, म्हणून त्या वेळी दोरा अगदी ढिला सोडू नये. एकाच जागी वीस वेळा फेकण्यापेक्षा पंख्याच्या काड्यांसारखे डावीकडून उजवीकडे फेकत जावे. फजरच्या नमाजनंतरचा तास आणि मगरिबच्या आधीचा तास उत्तम, मात्र अंधार पडण्याआधी खडक सोडावा.

आणि खरी गोष्ट आता. मासा हुकला तर पुन्हा मिळेल, मुलगा पुन्हा मिळणार नाही. शेवाळलेल्या कातळावर रबरी चपला घालून जाऊ नये, पकड असलेले बूट घालावेत. तरंगणारे जाकीट अंगात असावे, पिशवीत नव्हे. एकट्याने जाऊ नये. पैनगंगेवर वर इसापूर धरण आहे, आपल्या गावावर ऊन असले तरी वरून पाणी सुटू शकते. पाणी गढूळ झाले, काडीकचरा वाहून येऊ लागला किंवा पाण्याचा आवाज बदलला, की सामान तिथेच टाकून वर यावे. पावसाळ्यात धबधब्याजवळ गळ टाकायला जाऊच नये. कोकणात गेलात तर पंधरा-वीस मिनिटे लांबून लाटा पाहाव्यात, समुद्राकडे पाठ करू नये आणि भरतीत परतीची वाट बुडणार नाही याची आधी खात्री करावी.

हक्काचेही पाहावे. आपल्या धरणांतली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. बीज त्यांनी सोडलेले असते आणि अनेक भोई कुटुंबांची चूल त्यावर पेटते. संस्थेला विचारल्याशिवाय अरुणावती, बेंबळा किंवा पूस धरणात गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसे मोडणे. अशा माशाने दस्तरखानाला बरकत येत नाही. पैनगंगा आणि टिपेश्वर अभयारण्यांच्या हद्दीत तर गळ घेऊन जाऊच नये.

पहिल्या पावसात मासे अंडी सोडायला निघतात, तेव्हा गळ गुंडाळून ठेवावा. इतर दिवसांतही लहान मासा ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडावा आणि घरी खाल्ला जाईल तेवढाच आणावा. शिंगाड्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे धारदार काटे असतात. त्याला पकडीने धरून मगच गळ काढावा.

मुलाला हे सामान हवे असेल तर सगळ्यात महागडे रील घेऊ नका. काठी आणि रील मध्यम घ्या, वाचलेल्या पैशांतून जाकीट आणि बूट घ्या. पहिले दोन-तीन वेळा घरातल्या एखाद्या मोठ्याने सोबत जावे. मुलाला पाणी वाचता येऊ लागले की मग काठी त्याच्या हवाली करावी.