शेजाऱ्याच्या रानातून विजेची वाट

मुलांनो, समजा एखाद्याची मोसंबीची बाग छान लगडली आहे, पण बागेला रस्ताच नाही. चारी बाजूंनी दुसऱ्यांची रानं. माल जालन्याच्या बाजारात न्यायचा तर शेजाऱ्याच्या बांधावरूनच गाडी घालावी लागणार. मग गावातली चार जाणती माणसं बसतात आणि ठरवतात : वाट किती फुटांची, गाड्या किती, कधी जायच्या, पावसात वाट खचली तर मुरूम कोणी टाकायचा. शेतरस्त्याचं हे दुखणं काय असतं ते आजोबांना विचारा, तासभर सांगत बसतील!

असाच प्रश्न देशांनाही पडतो, बरं का. फक्त तिथं गाडीत मोसंबी नसते, वीज असते.

आता नकाशा उघडा. वर हिमालयाच्या कुशीत नेपाळ दिसतो ना? पावसाळ्यात तिथल्या नद्या दुथडी भरून वाहतात आणि जलविद्युत केंद्रं जोरात चालतात. वीज उरते. ती मोसंबीपेक्षाही नाशवंत! घेणारा नसेल तर पाणी तसंच वाहून जातं. हिवाळ्यात नद्या आटतात, मग नेपाळच भारताकडून वीज घेतो. खाली उजवीकडे बांगलादेश. माणसं पुष्कळ, कारखाने पुष्कळ, विजेची गरज मोठी. एकाकडे माल, दुसऱ्याला गरज. पण दोघांच्या मध्ये आहे आपल्या पश्चिम बंगालचा सिलिगुडीजवळचा पट्टा. अगदी अरुंद ठिकाणी तो सुमारे २२ किलोमीटर रुंद आहे. म्हणजे जालन्याहून बदनापूरला जावं, जवळपास तेवढाच. तरी तेवढ्या वाटेसाठी भारताला विचारावंच लागतं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत तिन्ही देशांच्या वीज संस्थांनी करारावर सह्या केल्या. ठरलं असं की, दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर या काळात नेपाळनं बांगलादेशाला ४० मेगावॉट वीज द्यायची, भारताच्या तारांवरून. १५ नोव्हेंबर २०२४ ला ही वीज पहिल्यांदा गेली. ४० मेगावॉट म्हणजे १० वॉटचे ४० लाख बल्ब एका वेळी!

ही वीज जाते कशी? नेपाळच्या ढल्केबरहून बिहारच्या मुजफ्फरपूरला ती भारताच्या तारांत शिरते. मग पश्चिम बंगालच्या बहरामपूरहून बांगलादेशातल्या भेरामाऱ्याला बाहेर पडते. पण नेपाळची वीज वेगळी ओळखू येत नाही हं! गावच्या टाकीत एकानं चार घागरी ओतल्या आणि दुसऱ्यानं तोटीतून चार घागरी भरून घेतल्या, तसंच हे. मीटर आणि वही मात्र चोख हवी.

भेरामाऱ्यात आणखी एक गंमत आहे. भारताची आणि बांगलादेशाची वीज दोन्ही सेकंदाला ५० वेळा हेलकावते, पण पावलाला पाऊल जुळत नाही. म्हणून तिथं वीज आधी एकदिश करतात आणि मग पुन्हा बांगलादेशाच्या चालीला लावतात. असंच एक केंद्र आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आहे. दक्षिण भारताची वीजही पूर्वी वेगळ्या पावलांनी चालायची. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनी जोडली आणि सारा देश एका तालात आला.

आता मुख्य प्रश्न. तारेवर जागा किती आणि ती कुणाला द्यायची? भेरामाऱ्याचं केंद्र २०१३ साली सुरू झालं तेव्हा त्याची क्षमता ५०० मेगावॉट होती, पुढं ती १००० झाली. भारतातून बांगलादेशाला वीज देण्याचे करार याच वाटेवर आधीपासून आहेत. त्यात नेपाळच्या वाट्याला ४०, म्हणजे ५० जणांच्या एस.टी.त दोन जागा.

जागा वाटण्याची रीत अशी. आधी दोन्हीकडचे अभियंते हिशोब करतात की, या वाटेनं जास्तीत जास्त किती वीज सुखरूप जाईल. त्यातली थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. एखादी तार अचानक बंद पडली तर तिचा भार बाकीच्यांना पेलता आला पाहिजे ना! उरलेल्या जागेवर पहिला हक्क लांब मुदतीच्या करारांचा. तरीही काही शिल्लक राहिलं तर ते थोड्या दिवसांसाठी मागणाऱ्यांना. मग दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या दिवशीच तयार होतं. दिल्लीचं राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करतं आणि प्रत्येक भागात कुणी किती द्यायची, कुणी किती घ्यायची ते लिहून ठेवतं.

‘एवढी कटकट कशाला? लागेल तशी घ्यावी की!’ असं कुणाला वाटेल. त्यांनी २०१२ सालची गोष्ट ऐकावी. त्या वर्षी उत्तरेत विजेची मागणी खूप होती आणि काही राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. तिकडं जाणाऱ्या काही वाहिन्या बंद होत्या, म्हणून उरलेल्यांवर भार पडला. ३० जुलैच्या रात्री अडीचच्या सुमारास बिना–ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली आणि पाठोपाठ सगळा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, पूर्व आणि ईशान्य भारताचीही वीज गेली. सुमारे ६० कोटी लोक राहतात एवढ्या भागातल्या आगगाड्या थांबल्या, खाणीत माणसं अडकली. आपला महाराष्ट्र पश्चिम विभागात, म्हणून तो वाचला. पण ज्यांनी ठरल्याप्रमाणेच वीज घेतली होती, त्यांच्याही घरात अंधार झालाच की! सगळ्यांची वाट एक असली म्हणजे एकाची हाव सगळ्यांना भोवते.

ही एका देशाच्या आतली गोष्ट झाली. दोन-तीन देश असले की जबाबदारी आणखी वाढते. आणि मधल्याची तर सगळ्यात जास्त! तो वाट अडवू शकतो, म्हणूनच त्यानं नियम आधी सांगावे आणि सगळ्यांना सारखे लावावे. वाट वापरणाऱ्यानंही तिचं भाडं द्यावं, आपल्या पाळीत जावं, आपल्या मापानंच न्यावं. बांधावर काय आणि सीमेवर काय, शेजार टिकतो तो असाच.

आता तुमच्यासाठी कोडं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं आहे, बांगलादेशाचं ३० मिनिटं. ढाक्यात रात्रीचे ८ वाजता ही वीज हवी आहे. तेव्हा काठमांडूत किती वाजले असतील? आणि दिल्लीच्या ९६ भागांपैकी कितवा भाग तेव्हा सुरू होत असेल? पहिला भाग रात्री १२ वाजता सुरू होतो, हे विसरू नका. आई-बाबांना विचारायला हरकत नाही, पण आधी स्वतः करून बघा. उत्तर पुढच्या अंकात!