मान कोण वळवतं?

"आधीच डोकं तीन स्क्रीनवर असतं, त्यात आणखी सात कशाला?" व्हिडिओ-मांडणशिल्पांचा विषय निघाला की साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात हा टोमणा ठरलेला. पडदे जास्त म्हणजे लक्ष विखुरणार, हे गणित मला पटत नाही. पडदे किती यापेक्षा कुठे बघायचं हे कोण ठरवतं, ते विचारा.

मी पोटासाठी डॅशबोर्ड बनवतो. महत्त्वाचं ते लाल, बाकी राखाडी. बघणाऱ्याला निवड करावी लागू नये, यालाच आम्ही चांगलं डिझाइन म्हणतो. मोबाइलही तेच करतो. काय सुटलं याची आठवणसुद्धा राहत नाही.

आता नलिनी मलानींचं 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' घ्या. १९९८च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर, मंटोच्या कथेवरून केलेली ही मांडणी मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लागली होती. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, त्यांत मॉनिटर. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका एकच साडी घडी घालू पाहतात. प्रेक्षक मधे. एकीकडे बघितलं की दुसरीकडे पाठ होते. मंटोचा बिशनसिंग ज्या दोन देशांमधल्या जागेत कोसळतो, तिथेच तुम्ही उभे असता. हेच एका स्क्रीनवर बसवा: दोघी शेजारीशेजारी दिसतील, आणि पाठ फिरवल्याची बोच जाईल. म्हणून "क्लिप बघितली, कळलं" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

बहुपडदा म्हणजे थोर, असंही नाही. चार भिंतींवर एकच सूर्यफूल ओतणारी 'इमर्सिव्ह' प्रदर्शनं डॅशबोर्डपेक्षाही आज्ञाधारक प्रेक्षक घडवतात.

'कॅम्प' या मुंबईच्या गटाचं 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' (२०२२) मी कोचीच्या बिनालेत पाहिलं. उंच इमारतीवरचा एकच सीसीटीव्ही कॅमेरा, सात पडदे. नजर क्षितिजावरून टॉवर उतरत पत्र्यांपर्यंत येते. मी एका टॉवरवर रेंगाळलो, तोवर शेजारच्या पडद्यावरची माणसं निघून गेली होती. चूक माझी होती, आणि ती मला कळली. डॅशबोर्डसमोर असं कधी झालेलं नाही.

साकीनाक्याला मेट्रो येते तेव्हा वर विमान उतरत असतं, खाली गाळे नि पत्रे. वर्षानुवर्षं मी विमानच बघत आलो. खालच्यासाठी कुठलाही दिवा लाल होत नाही. मान मलाच वळवावी लागते.