विद्या आणि उद्योग यांचा सांधा

जमशेटजी टाटा यांनी १८९८ साली स्वामी विवेकानंदांना पत्र लिहून विज्ञानकार्यासाठी साहाय्य मागितले. १९०९मध्ये बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. विद्या आणि उद्योग यांचा तोच सांधा आयआयटी मद्रासच्या संशोधन उद्यानाने २०१०पासून भक्कम केला आहे. तेथे केवळ भाडे भरून भागत नाही. प्राध्यापक-विद्यार्थ्यांसह संशोधन करण्याची अट कंपन्यांना पाळावी लागते. याच संस्थेत अंकुरलेल्या ‘अग्निकुल’ने मे २०२४मध्ये स्वदेशी अग्निबाणाची उपकक्षीय चाचणी यशस्वी केली. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी अनुकरण करावे ते इमारतींचे नव्हे, या अटीचे. कापूस, कांदा, यंत्रमाग यांचे प्रश्न प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर ताटकळत आहेत. जिल्ह्यातील पदवीधराला जिल्ह्यातच उद्योजक होता यावे, हीच स्वदेशीची खरी कसोटी!