नोकरी कीं संशोधन?

ठाण्याच्या खोपट भागांत राहणाऱ्या एका गृहस्थांचें पत्र या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. घर एकत्र, माणसें अकरा, आणि पत्रलेखक हे घरांतील कर्ते पुरुष. त्यांच्या धाकट्या बंधूंचें निधन होऊन सात वर्षें झालीं. भावजय व पुतणी त्यांच्याच आश्रयास आहेत. पुतणी पदार्थविज्ञान घेऊन एम्. एस्सी. झाली आहे. तिला एकाच आठवड्यांत दोन बोलावणीं आलीं. एक मुंबईंतील एका कंपनीच्या संगणक-खात्यांतील नोकरीचें, आणि दुसरें परगांवच्या एका विद्यापीठांतील संशोधनाच्या जागेचें. संशोधनाचा विषय ‘कठीण मुलामे व ते चढविण्याच्या रीति’ असा आहे.

पत्रलेखक पुढें लिहितात, “कंपनीचा पगार विद्यापीठाच्या विद्यावेतनाहून पुष्कळच अधिक आहे. माझ्या मुलाच्या इंजिनियरिंगच्या फीचा भार त्या पगारानें हलका होईल, असें आम्हीं मनांत धरलें होतें. आमच्या मातुश्री म्हणतात, पांच वर्षें कल्हई लावावयास शिकायची, तर एवढें शिकविलें कशाला? मुलगी कांहींच बोलत नाहीं. आपलें मत कळवावें.”

प्रश्न एका घराचा असला तरी तो आज पुष्कळ घरांचा आहे, म्हणून आम्ही त्याचें उत्तर येथें जाहीरपणें देत आहों.

प्रथम मातुश्रींच्या बोलण्याकडे वळूं. कारण त्या थट्टेनें बोलल्या असल्या तरी विषयाच्या अगदीं जवळ जाऊन पोंचल्या आहेत. कल्हईवाला पितळेचें पातेलें तापवितो, त्यांत नवसागर टाकतो, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानें पसरतो. नवसागरानें भांड्याच्या अंगावरचा मळ व गंज जातो, म्हणून कथील धरतें. नवसागर न टाकतां लावलेलें कथील थेंब थेंब होऊन निघून जातें, हें आमच्या वाचकभगिनींपैकीं ज्यांनीं दारांत बसून कल्हई करून घेतली असेल त्यांस सांगावयास नको. कठीण मुलाम्याचें तत्त्व हेंच. मात्र येथें मऊ कथिलाऐवजीं पोलादाहूनहि टणक पदार्थ चढवावयाचा असतो.

असा एक पदार्थ म्हणजे टायटॅनियम नायट्राइड. टायटॅनियम धातु व हवेंतील नायट्रोजन यांच्या संयोगानें तो बनतो, आणि त्याचा रंग सोन्यासारखा पिवळा असतो. कांहीं घड्याळांच्या पेट्यांवर जी सोनेरी झळाळी दिसते, ती पुष्कळदां सोन्याची नसून याचीच असते. पदार्थाचा टणकपणा मोजण्याची व्हिकर्स नांवाची एक रीत आहे. तींत हिऱ्याचें टोंक पदार्थावर दाबून उमटलेला खळगा मोजतात. भोंकें पाडण्याच्या गिरमिटाचें उत्तम पोलाद या मापानें आठशें-नऊशेंपर्यंत जातें, तर टायटॅनियम नायट्राइड दोन हजारांच्याहि वर. हा थर जाड किती असावा? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील अवघे दोन ते चार भाग. माणसाचा केंस त्या मापानें साधारण सत्तर भाग भरतो.

एवढा पातळ थर चढवावयाचा कसा, ही या विद्येंतील खरी अडचण. १९६९ च्या सुमारास कापण्याच्या कठीण पात्यांवर असे मुलामे बाजारांत आले, ते सुमारें हजार अंश उष्णतेंत वायूंच्या संयोगानें चढविलेले होते. परंतु गिरमिटाचें पोलाद साडेपांचशें अंशांच्या पुढें तापलें कीं आपलें पाणी गमावतें. तेव्हां मुलामा चढला आणि हत्यार मऊ झालें, अशी गत होऊं लागली. यावर उपाय निघाला तो निर्वात पेटीचा. पेटींतील हवा नेहमींच्या दाबाच्या दहा लक्षांशाहूनहि कमी होईपर्यंत उपसून काढतात. मग आर्गॉन वायूच्या विद्युत्‌भारित कणांचा मारा करून प्रथम हत्याराचें अंग स्वच्छ करतात. हाच येथला नवसागर. त्यानंतर टायटॅनियमच्या तुकड्यांतून विजेच्या साह्यानें कण उडवून, थोडा नायट्रोजन सोडून, तो थर साडेचारशें-पांचशें अंशांतच बसवितात. विजेच्या योगानें धातूचे कण असे उडतात हें इंग्लंडांत ग्रोव्ह या शास्त्रज्ञानें १८५२ सालीं नमूद केलें. म्हणजे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली त्याच्या आदल्या वर्षीं. पाहिलेल्या गोष्टीचें साधें गिरमिट होण्यास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला. सोनेरी मुलाम्याचीं गिरमिटें १९८० च्या सुमारास दुकानांत आलीं. मधला काळ ज्यांनीं भरून काढला ते बहुतेक विद्यापीठांतील व प्रयोगशाळांतील असेच विद्यावेतनावरील तरुण होते.

‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न खोपटांत राहणाऱ्यांस तरी पडूं नये. पलीकडेच वागळे इस्टेट आहे. १९६२ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची ती पहिली वसाहत. तेथील कोणत्याहि यंत्रशाळेंत जाऊन सोनेरी गिरमिट दाखवा म्हटलें तर कारागीर तें काढून दाखवील, आणि साध्यापेक्षां तें किती अधिक काम देतें तेंहि सांगेल. गुडघ्याचे कांहीं कृत्रिम सांधेहि याच मुलाम्याचे असतात. अंबरनाथला नौदलासाठीं पदार्थसंशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे, पवईस आय. आय. टी. आहे, कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठांत पातळ थरांवर कित्येक वर्षें काम होत आलें आहे. करण्यासारखें काम अजून उरलेंहि पुष्कळ आहे. साधा टायटॅनियम नायट्राइड सहाशें अंशांच्या आंतबाहेर जळूं लागतो. त्यांत अॅल्युमिनियम मिसळलें तर तो आठशेंपर्यंत टिकतो. पण थर जाड करावा तर आंतल्या ताणानें तो सुटून येतो. अशा गांठी सोडविण्यासाठींच या जागा निघतात.

आतां व्यवहार. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाचें विद्यावेतन दरमहा ३७,००० रुपये व दोन वर्षांनंतर ज्येष्ठ संशोधकाचें ४२,००० रुपये असें ठरविलें. वसतिगृह न मिळाल्यास घरभाडें निराळें. हा दर नेट किंवा गेट यांसारख्या परीक्षा उतरलेल्यांस मिळतो. तेव्हां ही जागा म्हणजे घरच्या पैशानें चालणारें शिक्षण, अशी जी समजूत पत्रांत दिसते ती बरोबर नाहीं. ही कामाबद्दल मिळणारी वेतनाची जागा आहे. मात्र वेतन बेताचें, व तें कायम नव्हे.

म्हणून होकार देण्यापूर्वीं काकांनीं पुतणीसह बसून चार गोष्टी विचारून घ्याव्या. हें वेतन मुलीच्या स्वतःच्या नांवानें आहे कीं एखाद्या प्रकल्पांतून? प्रकल्पांतील असेल तर प्रकल्प संपतांच तें बंद पडतें. निर्वात यंत्र चालू आहे कीं दुरुस्तीच्या वाटेकडे डोळे लावून आहे? त्या प्राध्यापकांपाशीं आजवर किती विद्यार्थ्यांनीं पदवी पुरी केली, व किती वर्षांत? आणि विद्यावेतन महिन्याच्या महिन्यास हातीं पडतें काय? कांहीं ठिकाणीं तें महिनोन्‌महिने रखडतें. हे प्रश्न तेथील जुन्या विद्यार्थ्यांस विचारावे. प्राध्यापकांस विचारण्यांतहि कांहीं गैर नाहीं.

लग्नाची गोष्ट पत्रांत नाहीं, परंतु ती मनांत असणारच. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें पीएच्. डी. स निदान तीन व साधारणतः सहा वर्षांपर्यंत मुदत असते. स्त्रियांस त्याहून दोन वर्षांची अधिक सवलत, आणि बाळंतपण व बालसंगोपन यांसाठीं २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. तेव्हां एक केलें म्हणजे दुसरें बुडालें असें नाहीं.

कमला भागवत, पुढें ज्या कमलाबाई सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या, त्या १९३३ सालीं मुंबईची पदवी घेऊन बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत संशोधनास गेल्या असतां, केवळ स्त्री म्हणून प्रथम सर रामन यांनीं त्यांस नाकारलें. त्या हटल्या नाहींत. एक वर्षाच्या परीक्षेवर प्रवेश मिळवून, १९३९ सालीं केंब्रिजची पीएच्. डी. घेऊन परतल्या. त्यांचे वडील व काका दोघेहि रसायनशास्त्र शिकलेले होते. दार बाहेरून बंद होतें, पण घरांतून कोणी अडविलें नव्हतें. खोपटच्या मुलीस विद्यापीठानें तर आपण होऊन बोलाविलें आहे.

राहिला फीचा प्रश्न, आणि तो खरा आहे. सात वर्षें ज्यांनीं भावाच्या मुलीस पोटच्या मुलीप्रमाणें वाढविलें, त्यांनीं तिच्याकडून कांहीं अपेक्षा करावी यांत आम्हांस अनुचित असें दिसत नाहीं. परंतु हा हिशेब तिला न विचारतां मांडला गेला, हें पत्रावरूनच दिसतें. मुलाच्या इंजिनियरिंगसाठीं बँका कर्ज देतात, व तो मिळवता झाल्यावर स्वतः तें फेडूं शकतो. मुलीचीं हीं पांच वर्षें मात्र पुढें कोणत्याहि बँकेंतून उसनीं मिळणार नाहींत. विद्यावेतनांतून तिला जें देतां येईल तें ती देईल. तें घरानें प्रेमानें घ्यावें, वसुली म्हणून घेऊं नये.

‘मुलगी कांहींच बोलत नाहीं’ हें वाक्य आम्हीं दोनदां वाचलें. ज्या घरानें आपल्याला सांभाळलें त्या घरापुढें आपली इच्छा कशी मांडावी, या संकोचानें ती गप्प असावी. तिच्या आईचें मत तर पत्रांत कोठेंच नाहीं. आमचें मत कळविण्यास आम्हांस सांगितलें आहे. तें हेंच, कीं वरील चार प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक आलीं तर मुलीनें विद्यापीठांत जावें. पण त्याआधीं एके दिवशीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर काकांनीं तिला व तिच्या आईला जवळ बसवावें, आणि ‘फीचें मी पाहून घेईन, तुझ्या मनांत काय आहे तें सांग’ एवढेंच म्हणावें. उत्तर मिळण्यास वेळ लागला तर लागूं द्यावा.