तीन रुपयांची भाडेवाढ आणि रेषेचा चढ

दहावीच्या बीजगणिताचा पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा. आलेख काढायचा म्हणजे काय, तर कोष्टक करायचं, क्ष ला तीन-चार किमती द्यायच्या, य काढायचा, बिंदू मांडायचे आणि पट्टी लावायची. मार्क पूर्ण! (पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी आपला क्ष-य वाला.) 'रेषेचा चढ' मात्र भेटतो भूमितीच्या पुस्तकात, निर्देशक भूमितीच्या धड्यात. म्हणजे एकाच रेषेचे दोन तुकडे दोन पुस्तकांत, आणि त्यांची नीट गाठ पडते अकरावीत, तीही गणित घेतलं तर. मला विचाराल तर हे फार उशिरा होतं.

गाठ तशी साधी आहे. य = २क्ष + १ घ्या. शेवटचा १ म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे कापते ती जागा, तिथे टिंब द्या. २ म्हणजे चढ, एक घर उजवीकडे गेलात की दोन घरं वर. तिथे दुसरं टिंब. पट्टी लावा, झालं. चढ ३/७ असेल तर सात घरं उजवीकडे, तीन वर. कोष्टकात तिथे अपूर्णांकांची नुसती जत्रा भरते.

आता कोणी म्हणेल, उत्तर तर तेच येतं ना? येतं. कोष्टकातला तिसरा बिंदू चूक पकडून देतो, हेही मान्य. आणि क्ष = ३ सारख्या उभ्या रेषेला चढच नसतो, तिथे ही युक्ती चालत नाही. पण कोष्टकाने रेषा नुसती *काढता* येते, चढाने ती *वाचता* येते. माझं भांडण आहे ते इथे.

उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २३ चं २६ रुपये झालं. "रिक्षा तीन रुपयांनी महागली" असंच सगळे म्हणत होते. पण किमान भाडं हे पहिल्या दीड किलोमीटरचं. त्यापुढचा दर १५.३३ वरून १७.१४ रुपये झाला, त्याकडे फारसं कोणी बघितलंच नाही.

आता दीड किलोमीटरपुढची रेषा मांडून बघा. भाडं = २६ + १७.१४ × (अंतर − १.५), म्हणजेच १७.१४ × अंतर + ०.२९. गंमत बघा, २६ हा आकडा य-अक्षावर कुठेच नाहीये! ती रेषा मागे वाढवली तर जवळजवळ शून्यातूनच जाते. जुन्या दराचंही तेच. म्हणजे वाढला तो चढ. दहा किलोमीटरला आधी साधारण १५३ रुपये व्हायचे, आता १७२. वाढ तीन नाही, अठरा-एकोणीस रुपयांची! रोज जाऊन-येऊन, महिन्याचे पंचवीस दिवस धरा, नऊशेच्या वर जातात. ज्याला चढ कळला त्याला हे बजेट आधीच मांडता येतं. बाकीच्यांना महिनाअखेरीस पाकीट सांगतं.

वीजबिलात नेमकं उलटं. तिथे 'स्थिर आकार' हा खराखुरा य-अक्षावरचा आकडा. घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेलात तरी तो येणारच. म्हणून वापर निम्मा केला तरी बिल निम्मं होत नाही. मीटर बिघडलाय म्हणून भांडायला जाण्याआधी एवढं बघावं.

आमच्या धंद्यातही सर्व्हरचा खर्च मांडताना पहिले दोन प्रश्न हेच असतात. काहीच वापर नसताना किती लागतात? आणि एक ग्राहक वाढला की किती वाढतात? कर्ज, मोबाईलचा प्लॅन, क्लासची फी, सगळीकडे हेच दोन प्रश्न. जाहिरात बहुतेक वेळा एकाच प्रश्नाचं उत्तर मोठ्या अक्षरात देते. कुठल्या, ते सांगायला नकोच!

म्हणून घरात दहावीचं कोणी असेल तर कोष्टक करू द्या, मार्क त्यालाच आहेत. फक्त रेषा काढून झाली की विचारा, "ही सुरू कुठे होते, आणि चढते किती?" अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल. हा प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.