‘भरपूर भाज्या खा’ – पण भरपूर म्हणजे किती?

वैद्यकीय व्यवसायात वारंवार दिला जाणारा आणि क्वचितच पाळला जाणारा असा एक सल्ला आहे : ‘फळे व भाज्या भरपूर खात जा.’ रुग्ण मान डोलावतो, डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळतात आणि घरी स्वयंपाक कालच्यासारखाच होतो. याचा दोष आपण सहसा रुग्णाच्या जिभेला किंवा आळसाला देतो. मला तो तितकासा न्याय्य वाटत नाही. गोळी लिहून देताना ती किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, जेवणापूर्वी की जेवणानंतर हे सर्व आपण सांगतो. आहाराच्या बाबतीत मात्र ‘भरपूर’ या एका शब्दावर काम भागवतो. मात्रा न सांगितलेले औषध कोणी घेतले नाही, तर नवल ते काय?

ही मात्रा अज्ञात आहे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दररोज माणशी किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या हे प्रमाण सांगितले आहे. या हिशेबात बटाटा धरलेला नाही, ही गोष्ट आपल्याकडे आवर्जून सांगावयास हवी. आपल्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाच्या ताटासाठी भाज्या ४०० ग्रॅम व फळे १०० ग्रॅम असे प्रमाण सुचविले आहे. १८ देशांतील सुमारे १ लक्ष ३५ हजार व्यक्तींचा मागोवा घेऊन २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या अभ्यासातही फळे, भाज्या व कडधान्ये मिळून दिवसाला ३७५ ते ५०० ग्रॅम इतक्या सेवनापर्यंत मृत्यूचा धोका घटत जातो, त्यापुढे विशेष अधिक लाभ दिसत नाही, असे आढळले. म्हणजे ध्येय आवाक्याबाहेरचे नाही. ते केवळ स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितले गेलेले नाही.

आता हा हिशेब आपल्या इंदुरी मराठी घरात मांडून पाहू. समजा, घरात चार माणसे आहेत. सकाळी पाव किलो भाजी चिरली गेली, संध्याकाळी आणखी पाव किलो. दोन्ही वेळा ताजी भाजी केली, याचे गृहिणीला समाधान असते आणि ते योग्यही आहे. पण माणशी वाटणी झाली केवळ १२५ ग्रॅमची! त्यातील एक भाजी बटाट्याची असेल, तर ६० ग्रॅमच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या प्रमाणानुसार याच घराला रोज १ किलो ६०० ग्रॅम भाज्या व ४०० ग्रॅम फळे लागतील. आठवड्याची पिशवी सुमारे १४ किलोंची होईल. हा आकडा ऐकून पुष्कळांचे डोळे विस्फारतात, पण उपचाराची सुरुवात अशा डोळे विस्फारण्यापासूनच होते.

एवढी भाजी खायची कशी, हा पुढचा प्रश्न. येथे परदेशी सॅलडची पुस्तके उघडण्याची गरज नाही. आपल्या ताटाची रचनाच मुळी डावी-उजवी अशी आहे. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे एक फळभाजी, एक पालेभाजी. भाद्रपदात ऋषिपंचमीच्या एका भाजीत अळू, लाल भोपळा, दोडका, भेंडी, माठ, मक्याचे कणीस अशा कितीतरी वस्तू गुण्यागोविंदाने नांदतात. पौषात भोगीच्या दिवशी गाजर, वांगी, घेवडा, ओला हरभरा, मटार, पापडी तिळाच्या कुटासह एकत्र शिजतात. पूर्वजांनी हे वर्षातून एकदा करण्यास सांगितले. आठवड्यातून एकदा केल्यास त्यांचा कोप होणार नाही, असा मला विश्वास आहे. ताट आपल्याकडे आहेच. काळाच्या ओघात त्याची डावी बाजू चमचाभर लोणच्यापुरती उरली आणि उजवीकडे पोळीने आक्रमण केले, एवढेच.

माळव्यात आणखी एक भर पडली. येथील पोहे-जिलबी आणि शेव यांच्यावर प्रेम न करणारा इंदूरकर शोधून सापडणार नाही, आणि ते सोडा असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण शेवेची भाजी ही नावापुरतीच भाजी आहे, हे ध्यानात असू द्यावे. पोह्यांवर मूठभर शेव पसरण्यापूर्वी पोह्यांतच मटार, किसलेले गाजर, बारीक चिरलेला कोबी गेला, तर चव बिघडत नाही. वर लिंबू पिळावे. त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते. लगोलग घेतलेला चहा मात्र ते शोषण रोखतो. तो तासाभराने घ्यावा.

नव्या पदार्थांपेक्षा रोजच्या पदार्थांत भाजी मिसळणे हा सर्वांत टिकाऊ मार्ग होय. वरणात पालक, दुधी किंवा शेवग्याच्या शेंगा घालाव्यात. थालिपिठाच्या भाजणीत किसलेला दुधी, काकडी, मुळा व त्याचा पाला मळावा. चाकवताची किंवा पालकाची ताकातली पातळ भाजी वाटी वाटी भरून पिता येते. जे मूल पालेभाजी चावून खात नाही, ते ही ओरपते. कोबीची पचडी, काकडीची खमंग कोशिंबीर, बीट वा लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत यांना इंधनही फारसे लागत नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरच्या कोवळ्या देठांची भाजी, मुळ्याचा पाला पीठ पेरून केलेला – या आजीच्या काटकसरीत पोषणशास्त्र दडलेले होते. साबुदाणा आणि बटाट्यावर काढलेली एकादशी शरीराला विश्रांती देत नाही. त्या दिवशी काकडी, लाल भोपळा आणि एखादे फळ अधिक शोभेल.

एक युक्ती तर पैशाचीही नाही आणि श्रमाचीही नाही. कोशिंबीर व भाजी आधी वाढावी, पोळी नंतर. भूक तीव्र असताना जे समोर येते तेच अधिक खाल्ले जाते. चिरलेले गाजर, काकडी, मुळा जेवणापूर्वी दहा मिनिटे टेबलावर ठेवून पाहावे. मुलांना न सांगता ताटली रिकामी होते.

फळांच्या बाबतीत मात्र एका गैरसमजाला व्यवसायबंधूंकडूनही खतपाणी मिळते. मधुमेहाचे निदान होताच ‘फळे बंद’ असा हुकूम सुटतो. आंबा, चिकू, द्राक्षे, केळी यांचे प्रमाण मोजावे लागते, हे निर्विवाद. परंतु सरसकट बंदीला शास्त्राचा आधार नाही. सुमारे ५ लक्ष चिनी प्रौढांच्या पाहणीवर आधारित, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताजी फळे नियमित खाणाऱ्यांत मधुमेह होण्याचे, तसेच आधीच मधुमेह असलेल्यांत गुंतागुंत व मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ‘फळ म्हणजे विष’ या समजुतीला तो निश्चितच छेद देतो. फळाचा रस काढला की त्यातील तंतुमय भाग निघून जातो आणि तीन-चार फळांची साखर एका पेल्यात येते. म्हणून रस नव्हे, फळ. आणि जेवणावर नव्हे, दोन जेवणांच्या मध्ये, साधारण एक मध्यम पेरू एवढे. आपल्या भागात हिवाळ्यात मिळणारा पेरू आणि आवळा ‘क’ जीवनसत्त्वात परदेशी किवीला हार जाणारे नाहीत आणि खिशालाही मानवणारे आहेत.

आता अधिक नाजूक मुद्द्याकडे वळतो. घरात भाजी किती आली, यापेक्षा ती कोणाच्या ताटात गेली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सर्वांना आग्रहाने वाढून झाल्यावर कढईत उरलेल्या चमचाभर भाजीशी पोळी खाणारी स्त्री आपल्या सुशिक्षित घरांतही दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत आणि केवळ भाजीने तो बरा होत नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. पण घरच्या डॉक्टरांपुढे नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलची चिंता वाहणाऱ्या त्या गृहिणीला ‘तुमच्या ताटात काय उरते?’ हे कोणी विचारत नाही. सर्वांनी एकत्र बसून, सर्वांची पाने एकाच वेळी वाढून जेवणे, हा रक्तक्षयावरील बिनखर्चाचा पूरक उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा दुर्लक्षित वर्ग ज्येष्ठांचा. आपल्या समाजातील मुले पुणे, बेंगळुरू, अमेरिकेत स्थिरावली आणि जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सदनिकांत दोघे किंवा एकटेच वृद्ध राहतात. ‘दोघांसाठी किती भाज्या करायच्या?’ हा त्यांचा प्रश्न खरा आहे. दात साथ देत नाहीत, जड पिशवी उचलवत नाही. मग वरण-भात किंवा चहा-टोस्टवर दिवस निघतो. त्यांच्यासाठी मऊ खिचडीत तीन-चार भाज्या, किसून वाफवलेले गाजर, पिकलेली पपई किंवा केळे हा उत्तम पर्याय आहे. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन घरांनी एकेक भाजी करून वाटीची देवाणघेवाण केली, तर दोन्ही घरांत दोन भाज्या होतात आणि दाराची कडी वाजविण्यास निमित्तही मिळते.

अर्थात प्रत्येक औषधाप्रमाणे येथेही अपवाद आहेत. मूत्रपिंडाचा विकार वाढलेल्या रुग्णाला पोटॅशियमचे भान ठेवूनच फळे-भाज्या द्याव्या लागतात. नारळपाणी त्याच्यासाठी निरुपद्रवी नाही. वॉरफेरीन घेणाऱ्या रुग्णाला पालेभाजी तोडण्यास सांगण्याऐवजी ती रोज सारख्या प्रमाणात खाण्यास सांगणे अधिक शहाणपणाचे. फवारणीच्या भीतीने भाजीच सोडणेही योग्य नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी आणि चिरण्यापूर्वी धुवावी.

महागाईचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ‘प्युअर’च्याच २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार अल्प उत्पन्नाच्या देशांत दररोज माणशी दोन फळे व तीन भाज्या घ्यायच्या, तर कुटुंबाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग खर्ची पडेल. आपल्याकडे घरकाम करणाऱ्या बाईंना ‘रोज सफरचंद खा’ सांगणे म्हणूनच थट्टा ठरते. त्यांना हंगामी पालेभाजी, मुळा, लाल भोपळा, बोरे, पेरू हेच सांगावे. आणि ज्यांना परवडते, त्यांनी बिस्किटे, फरसाण व शीतपेयांवरील महिन्याचा खर्च एकदा वहीत मांडून पाहावा. चौदा किलोंच्या पिशवीचा बराचसा भाग त्यातच निघेल.

तेव्हा व्यवसायबंधूंना माझी विनंती अशी. ‘भरपूर’ हा शब्द चिठ्ठीवरून काढून टाकावा. ‘चार माणसांना दिवसाला दीड किलोहून थोडी अधिक भाजी, माणशी एक फळ, बटाटा हिशेबात नाही’ असे स्वच्छ मराठीत वा हिंदीत लिहावे. शक्य असेल तेव्हा जी व्यक्ती स्वयंपाक करते, तिलाही समोर बसवून हे सांगावे, कारण रुग्ण एक आणि रांधणारी व्यक्ती दुसरी, असेच बहुधा असते. पुढच्या भेटीत रक्तदाब मोजताना भाजीचाही हिशेब विचारावा. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ असलेल्या आहाराने वरचा रक्तदाब सरासरी ११ अंकांनी उतरल्याचे ‘डॅश’ चाचणीने १९९७ सालीच दाखविले आहे. एखाद्या गोळीने इतका फरक पडला, तर आपण ती लिहिण्यास क्षणाचाही विलंब लावणार नाही.

आणि सुरुवात आपल्या घरापासून, म्हणजे आपल्याच संस्थांपासून व्हावी. वैद्यकीय परिषदांच्या आणि मंडळांच्या स्नेहभोजनांत पक्वान्ने दोन असतात, तळणही दोन. कोशिंबीर मात्र कडेला शोभेपुरती असते. यापुढील स्नेहभोजनात एक पक्वान्न कमी होऊन एक पालेभाजी वाढावी आणि रांगेच्या आरंभी कापलेली फळे असावीत, एवढा ठराव करण्यास घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. आरोग्यावर व्याख्यान देणाऱ्यांचे पान लोक आधी पाहतात, शब्द नंतर ऐकतात. ते पान डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी भरलेले असावे, हीच सर्व वाचकांना शुभेच्छा.